दहा पावलं आणि अडतीस टक्के

आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पत्रकं जास्त आली. वडील कुठल्या ना कुठल्या मोर्चाची, सभेची, आवाहनाची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली सरकवायचे. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्यांचीच. भाकरी बांधून न्यायची तीही त्यातच. 'निषेध' हा शब्द मला 'निवडुंग'च्या आधी लिहिता यायला लागला. पाचवीत असताना वर्गातला पंखा फिरत नाही म्हणून मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, त्याची सुरुवात 'बंधू आणि भगिनींनो' अशी होती. पंखा दुरुस्त झाला. तेव्हापासून माझा पक्का समज झाला, की जगातली कुठलीही गोष्ट नीट ठणकावून लिहिली की होते.

हा समज घेऊनच मी या कामात पडले. कळंबच्या बाजारपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बाकडं आहे. बाजाराच्या दिवशी मी तिथं बसते. ज्यांच्या घरात दिव्यांग मूल आहे ते लोक येतात, पिशवीतून कागद काढतात आणि विचारतात, "आता कुठं जायचं?" सगळ्यांचा प्रश्न हाच. मूल ऐकत नाही, बोलत नाही, चालत नाही, याची त्यांना सवय झालेली असते. सवय होत नाही ती खिडक्यांची. या खिडकीवरचा माणूस त्या खिडकीकडे पाठवतो आणि त्या खिडकीवरचा जेवायला गेलेला असतो. कुठला कागद आधी, कुठला नंतर, कुठल्या दिवशी कुठला डॉक्टर बसतो, हे मी सांगते. शाळा 'आमच्याकडं असली मुलं घेत नाहीत' म्हणाली तर काय उत्तर द्यायचं, तेही सांगते. ते उत्तर द्यायला बहुतेक वेळा मी स्वतःच जाते. ते मला आवडतं.

त्या वर्षी थंडी सरता सरता दिव्यांग तपासणीचं शिबिर लागलं. मी लगेच पत्रक लिहायला बसले. 'मूल लपवू नका! ते तुमची लाज नाही! अभिमानानं पुढं आणा! दाखला हा उपकार नाही, हक्क आहे!' असं अर्धं पान, आणि खाली शिबिराची जागा आणि आणायचे कागद. दुकानदारानं गठ्ठाभर प्रती काढून दिल्या. एसटी स्टँडवर, येरमाळ्यात देवीच्या पायऱ्यांपाशी, रस्त्यावरच्या हॉटेलांत, जिथं चार माणसं टेकतात तिथं मी त्या वाटल्या.

पुढच्या बाजाराला बाकड्यापाशी तिघं आली. पुढं आजोबा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. मागं त्यांची सून. आणि सुनेच्या कडेवर मुलगी. कडेवर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं दोन-तीन वर्षांचं लेकरू येईल. ही दहा वर्षांची होती. तिचे पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते आणि ती घोड्यावर बसल्यासारखी वरून बाजार बघत होती. तिच्या हातात माझं पत्रक होतं.

"हे तू लिवलं?" तिनं कडेवरूनच विचारलं.

"हो."

"मग यवढी उद्गारचिन्हं कशापायी? आमच्या बाई म्हणत्यात, एका पानात एक लई झालं."

"ये, गप की गं," आई ओशाळली. "ताई, तिचं मनावर घेऊ नगा. वाचायचं लई याड हाय तिला."

मी तिला बाकड्यावर बसवायला लावलं आणि कागद बघितले. जन्मल्यावर ती लवकर रडली नव्हती. पुढं पायांचे स्नायू आखडत गेले. टाचा टेकत नव्हत्या, चालताना गुडघे एकमेकांना घासायचे. भिंतीला धरून पाच-सात पावलं टाकायची आणि बसायची. डोकं मात्र पाऱ्यासारखं. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत होती आणि शाळेची भिंत घराला लागून होती, त्यामुळं आतापर्यंतचं शिक्षण आईच्या कडेवर झालं होतं. जूनपासून पाचवी, आणि पाचवी येरमाळ्याला. आधी फाट्यावर यायचं, तिथून एसटी, आणि उतरल्यावर शाळेपर्यंत चांगलं पाऊण किलोमीटर. वडील तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात, आठवड्याला एखादी चक्कर घरी. आई रोज दहा वर्षांच्या मुलीला पाऊण किलोमीटर उचलून नेऊ शकत नव्हती. चाकाची खुर्ची मिळाली तरच जमणार होतं. खुर्ची साहित्य वाटपाच्या शिबिरात मिळते, आणि तिथं चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो.

"खुर्ची न्हाय आली तर म्या पाचवीला जाणार न्हाय का?" मुलीनं विचारलं.

आई पिशवीतले कागद उगाच परत लावायला लागली. आजोबा म्हणाले, "जाणार की! का न्हाय जाणार? ताई हाय की आपली."

हे वाक्य माझ्याकडं बघून म्हटलेलं होतं. मी मान हलवली. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं.

"तिथं नेमकं काय करत्यात वो?" आजोबांनी उठता उठता विचारलं.

"डॉक्टर बघतील, थोडं चालायला सांगतील, आणि किती टक्के ते लिहून देतील."

"म्हंजी परीक्षाच."

"तसंच समजा," मी म्हणाले, आणि पुढच्या माणसाचे कागद हातात घेतले.

शिबिराच्या दिवशी मी सकाळपासून तिथं होते, पण आत नव्हते. रांग उन्हात होती, मंडप नव्हता, प्यायला पाणी नव्हतं, आणि मुलांना मांडीवर घेऊन बायका जमिनीवर बसलेल्या. एवढं समोर दिसत असताना मी आत जाऊन गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी व्यवस्था बघणाऱ्या माणसाला गाठलं आणि कायदा ऐकवला. तो म्हणाला, "ताई, मंडपवाला येतोय." मी म्हणाले, "सूर्य त्याच्यासाठी थांबणार आहे का?" रांगेतून हशा आला, मला चेव आला. दुपारी मंडप आला, पाण्याचे जार आले, आणि मी घाम पुसत आत गेले तोवर आमची मुलगी तपासून झालेली होती.

तिघं दारातच भेटली. मुलीला नवा परकर-पोलका, दोन वेण्या, रिबिनी. आजोबांच्या चेहऱ्यावर बाजार मारून आल्याचं तेज.

"ताई, एकदम फस्क्लास झालं! डाक्टर वा म्हणला, वा!"

"मी नमस्कार पण केला," मुलगी म्हणाली.

मीही खूश झाले. काय फस्क्लास झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

महिनाभरानं एका सकाळी मी दात घासत असताना फोन वाजला. आजोबा.

"ताई! पोरगी पास झाली! मोबाईलवर दाखला आला. गुरुजीनं वाचून दावला."

"किती आले?" मी तोंडातला फेस सांभाळत विचारलं.

"अडतीस! पस्तिसाला पास करत्यात न्हवं? तीन जास्तीच हायत. सगळ्या वस्तीत गूळ-खोबरं वाटलं."

मी चूळ भरली. आरशात बघितलं. मग सांगितलं, "आबा, यात चाळीस लागतात."

पलीकडं मेंढरं ओरडत होती.

"म्हंजी दोन मार्कानं गेली?"

"हो."

"ग्रेस न्हाय का देत?"

स्कूटी काढून मी तडक वस्तीवर गेले. अंगणात चुन्यानं मारलेल्या दोन रेघा होत्या. दोन्हींमध्ये दहा पावलांचं अंतर. माझ्या मनात काही यायच्या आत आजोबांनीच सगळं उलगडून सांगितलं, आणि तेही मोठ्या हौसेनं, कारण आपलं काय चुकलं हे त्यांना अजून कळलेलंच नव्हतं.

मेंढरू बाजारात न्यायचं तर आदल्या दिवशी त्याला धुवायचं, लोकर साफ करायची, पाठीवर गुलाल लावायचा. गिऱ्हाइकासमोर चार पावलं ऐटीत चालवून दाखवायचं. पाय ओढतंय असं दिसलं, की माणूस पुढच्या मेंढराकडं जातो. परक्याच्या नजरेसमोर जे न्यायचं ते तयार करूनच न्यायचं, हे त्या माणसाला साठ वर्षांत कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि इथं तर मेंढरू नव्हतं, नात होती, आणि परीक्षा होती. शिबिराच्या पंधरा दिवस आधीपासून रोज सकाळी पायांना कोमट तेल, मग या रेघेपासून त्या रेघेपर्यंत भिंत न धरता चालणं. पहिल्या दिवशी तीन पावलं झाली. आठवड्यानं सहा. आदल्या दिवशी पुरी दहा. पोरीनंही जीव लावला होता. त्यांच्या घरात तसं कौतुक पहिल्यांदाच चाललेलं होतं.

"डाक्टर म्हणला, चालून दाव. ही उठली, धा पावलं चालली, वळली, नमस्कार केला. रांगेतल्या दोन बायांनी टाळ्या वाजवल्या बगा."

"आबा," मी म्हणाले, "डॉक्टर काय अडचण आहे ते बघत होते. तुम्ही त्यांना अडचण सोडून सगळं दाखवलंत."

 आजोबा आत गेले, आणि देवळीतून घडी केलेलं माझं पत्रक घेऊन आले.

"हे तूच लिवलंय न्हवं? ये बाळे, वाच गं ती तिसरी वळ."

मुलीनं न बघताच म्हटलं, "अभिमानानं पुढं आणा, उद्गारचिन्ह."

"आमी तर तसंच नेलं."

मी स्कूटीला किल्ली लावली. वस्तीवरून परत येईपर्यंत मला बरेच शब्द सुचले, आणि सगळे दुसऱ्या कुणासाठी. फेरतपासणीचा अर्ज करता येतो, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी अर्ज लिहिला नाही. दोन पानं लिहिली. व्यवस्था, संवेदनशून्यता, दहा पावलांत माणूस मोजणारी यंत्रणा, तीव्र निषेध. लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

ज्या कचेरीत ते द्यायचं होतं तिथं एक बाई टेबलावर होत्या. चष्मा नाकावर, ओळीखाली बोट धरून त्यांनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. असं कुणी करत नाही. मला आशा वाटायला लागली.

"छान लिहिता हो," त्या म्हणाल्या. "आता अर्ज द्या."

"हाच अर्ज आहे."

"हा निषेध झाला. अर्जाला मुलीचं नाव लागतं. यात सगळं आहे, मुलीचं नाव कुठंय?"

मी पानं परत घेतली आणि वाचली. खरोखर नव्हतं. दोन पानांत त्या मुलीचं नाव एकदाही आलं नव्हतं.

बाईंनी खणातून कोरा फॉर्म काढून दिला. नाव, वय, दाखल्याचा क्रमांक लिहून झाल्यावर 'कारण' असा एक रकाना आला. तिथं मी पेन टेकवून परत दम घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "एका ओळीत बसलं पाहिजे बरं का. मी सांगू? लिहा. मुलीला लांब चालता येत नाही. तपासणीत फक्त दहा पावलं पाहिली गेली."

मी तेवढंच लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक ते.

फेरतपासणीची तारीख मिळाली. मोठ्या सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर. साहित्य वाटपाच्या शिबिरासाठी खुर्चीची मापं घेणं पंधरा दिवसांवर होतं. या वेळी पुन्हा अडतीस आले असते, तर खुर्ची त्या वर्षी गेली आणि पाचवीही गेली. एकदा घरी बसलेली मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाते का, हे मी बाकड्यावर बसून पुरेसं बघितलेलं आहे.

म्हणून आदल्या दिवशी मी वस्तीवर गेले आणि जे करायला नको होतं ते केलं. मुलीला बाजूला घेतलं. आई गोवऱ्या थापत होती, आजोबा कोकरांना पाला टाकत होते.

"उद्या ना," मी म्हणाले, "ते दहा पावलांचं नको करूस. नेहमीसारखं चाल. जरा अडखळलीस तरी चालेल."

"मुद्दाम?"

"मुद्दाम असं नाही. पण म्हणजे..."

"म्हंजी मुद्दामच." तिनं माझ्याकडं अशी नजर लावली, की मला पाचवीतले मुख्याध्यापक आठवले. "तूच लिवलंयस, हक्क हाय म्हणून. हक्क हाय तर लबाडी कशाला?"

कोकरांपाशी आजोबा हसले. "घ्या! हिला पाचवीत कशाला घालताय, थेट मास्तरच करा." आणि मग हसू आवरून म्हणाले, "ताई, म्या तिला नीट चालाय शिकवलं. ते आता इसरायला कसं शिकवू?"

मी खाली बघितलं. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. मी आयुष्यभर ज्यांच्याविरुद्ध लिहीत आले त्यांच्यातली एक होऊन मी तिथं उभी होते, आणि ते मला एका दहा वर्षांच्या मुलीनं सांगितलं होतं.

तेव्हा आई बोलली. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी कागदांपलीकडं फारसं बोललेली नव्हती. हात शेणाचे, तोंड गोवऱ्यांकडंच.

"पर ती तवा चाललीच कुठं? एस्टीतनं उतरल्यापासनं टेबलापतूर म्याच उचलून नेली की. खाली ठिवली ती डाक्टरापुढं. त्याला धा पावलंच दिसणार. बाकीची म्या चालले."

तिनं हातातली गोवरी थापली.

"उद्या म्या उचलत न्हाय," ती म्हणाली.

"मग म्या चालते," मुलगी लगेच म्हणाली. "गेटापासनं."

"लोक बघत्याल," आई म्हणाली. हे ती मुलीला सांगत नव्हती. गुडघे घासत, वाकडी होत चालणारी आपली पोर चार लोकांनी बघू नये म्हणून तिनं दहा वर्षं तिला वस्तीबाहेर जमिनीला लागू दिलं नव्हतं. ते वजन तिनं फक्त पायांसाठी उचललेलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"बघू दे की," मुलगी म्हणाली. "म्या बी बघीन त्यांच्याकडं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या गेटापाशी रिक्षा थांबली आणि आईनं मुलीला खाली ठेवलं. रिबिनी नव्हत्या, परकर रोजचाच. आजोबा पुढं, मग मुलगी, बाजूला आई, मागं फाईल घेऊन मी. पहिली दहा पावलं झकास पडली. आजोबांनी ती मोठ्यानं मोजली. अकराव्याला गुडघे एकमेकांत अडकले. तिनं कंपाउंडची भिंत धरली आणि धरून धरून पुढं निघाली.

गेटावरचा पहारेकरी म्हणाला, "ओ बाई, उचला की लेकराला! कशाला हाल करताय?"

आईचे हात पुढं झालेच. मग तिनं ते पाठीमागं नेऊन एकात एक अडकवले आणि तसेच ठेवले.

पायऱ्यांच्या बाजूचा उतार चढून होईपर्यंत मुलगी दोनदा बसली. व्हरांड्यात पोचलो तेव्हा तिच्या कपाळावरून घाम गालावर येत होता. व्हरांडा अरुंद, दोन्ही बाजूंनी बाकडी, बाकड्यांवर माणसं. एका म्हातारीनं 'अगं बाई बाई' केलं. मुलीनं थांबून तिच्याकडं बघितलं, म्हातारीनं पदर सारखा केला. मला वाटतं चहा करावा, प्यावा आणि कप धुऊन ठेवावा, एवढा वेळ त्या व्हरांड्यात गेला असेल. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. डॉक्टरांनी एक वाकडा शब्द काढला तर कुठल्या कलमापासून सुरू करायचं, तेही ठरलं होतं.

आमच्यामागं एक गृहस्थ येत होते. हातात डब्याची पिशवी, चपला साध्या. रस्ता आम्ही अडवलेला, त्यामुळं तेही आमच्याच चालीनं. आजोबांनी वळून बघितलं.

"ओ भाऊ, घाई असंल तर जावा की बाजूनं. पोरगी काय पळणार न्हाय."

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "मला घाई नाही."

खोलीच्या दारापाशी मुलगी चौकट धरून उभी राहिली. ते गृहस्थ तिच्या बाजूनं आत गेले, डब्याची पिशवी खिडकीत ठेवली, हात धुतले आणि टेबलामागच्या खुर्चीवर बसले.

आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ये, बस," डॉक्टर म्हणाले. "दमलीस?"

"व्हय."

"रोज एवढी चालतेस?"

"न्हाय. आई उचलती. आज तिला उचलू न्हाय दिलं."

"का?"

"तुमाला दिसाय पायजे म्हणून."

डॉक्टरांनी तिच्या टाचा हातात घेतल्या, गुडघे हळूहळू उघडून बघितले, मोजपट्टी लावली, खेळल्यासारखे तिला पाय हलवायला लावले. पुष्कळ वेळ लावला. आईला विचारलं, ती घरात कशी वावरते, संडासला कशी जाते, झोपेत पाय आखडतात का. आईनं सगळं सांगितलं. विचारल्यावर ती इतकं नीट बोलते, हे मलाही नवीन होतं.

एवढं होईतो आजोबांना राहवेना. "सायेब, धा पावलं तरी बगाच! लई झकास चालती. वळती बी."

मी मागून त्यांची बाही ओढली.

डॉक्टर हसले. "आबा, झकासच चालते ती. मी मागूनच आलो की. पण शाळा दहा पावलांवर असती तर तुम्ही इथं कशाला आला असता?"

आजोबांनी यावर विचार केला. "व्हय," ते म्हणाले. "ते बी हाय."

माझं भाषण तसंच राहिलं. कुणी विचारलंच नाही.

दाखल्याचा निरोप आला तेव्हा आजोबांचा फोन पुन्हा सकाळीच. या वेळी गूळ-खोबरं वाटलेलं नव्हतं.

"ताई, छप्पन आलेत. आदी सांगा, पास का नापास?"

"पास, आबा."

"नक्की न्हवं? मंग आता वाटू?"

मी नवीन पत्रक काढलं. जुन्याच्या निम्मं आहे. मुलाला तपासायला नेताना शिकवून नेऊ नका, सजवून नेऊ नका, दारापासून टेबलापर्यंत उचलून नेऊ नका. रोज जसं जमतं तसंच डॉक्टरांना दिसू द्या. छापायच्या आधी मी ते वस्तीवर नेलं आणि मुलीकडून वाचून घेतलं. त्यात एकच उद्गारचिन्ह आहे, फोननंबरापुढं, आणि तेही तिनं खूप विचार करून राहू दिलं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी येरमाळ्याला गेले. खुर्ची एसटी थांब्याजवळच्या पंक्चरवाल्याकडं ठेवायचं ठरलं होतं. एसटीतून उतरवून आईनं मुलीला खुर्चीत बसवलं आणि ढकलत निघाली. सवय नसल्यानं ती गल्लीभर खुर्ची गटारीकडं नेत होती आणि मुलगी खुर्चीतून 'उजवीकडं, उजवीकडं' ओरडत होती. आजोबा मेंढरं शेजाऱ्याच्या गळ्यात घालून आलेले. घोंगडी धुतलेली होती.

शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर मुलीनं ब्रेक लावला.

"काय झालं?"

"इथनं म्या चालते."

समोर पाचवीचा वर्ग होता. मी अंदाज घेतला, सोळा-सतरा पावलं तरी असतील. पण तिनं खुर्चीचे हात धरून उठायला सुरुवातही केली होती. आजोबा आपोआप मोजायला लागले. एक, दोन, तीन. वर्गाच्या खिडकीत पोरी गोळा झाल्या. दहापर्यंत आजोबांचा आवाज खणखणीत होता. दहाला ते थांबले, कारण त्यांची रेघ तिथंच संपायची. ती थांबली नाही. व्हरांड्याचा खांब धरला, मग भिंत धरली, मग दाराची चौकट. आतून कुणीतरी दप्तर उचलून पहिल्या रांगेत जागा केली, आणि ती दिसेनाशी झाली.

"चला," आजोबा म्हणाले, "च्या घेऊ. मधल्या सुट्टीत खुर्ची आत द्यायची हाय."

सून जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. एक हात तिनं सवयीनं कमरेवर ठेवला, जिथं मुलीला धरायची तिथं. मग इकडंतिकडं बघून ती पोरीच्या खुर्चीत बसली.

"अगं, ती पोरीची हाय," आजोबा म्हणाले. "ऊठ, लोक बघत्याल."

"बघू द्या की, मामा," ती म्हणाली, आणि पाय लांब केले.